उतारावर शिकलेली विद्या

गुडघ्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते तो चढण्याविषयी नसतो, उतरण्याविषयी असतो. "जिना उतरताना काय होतं?" असे विचारले की बहुतेक जण क्षणभर थांबतात, कारण त्यांनी आपल्या दुखण्याची सांगड चढताना लागणाऱ्या धापेशी घालून ठेवलेली असते आणि उतरणे हे त्यांच्या लेखी कष्टाचे काम नसतेच. मग एकेक आठवू लागते. कठड्याला धरल्याशिवाय उतरवत नाही, पाऊल आडवे टाकावे लागते, दोन्ही पाय एका पायरीवर आणल्याशिवाय पुढची पायरी घ्यायचा धीर होत नाही. कठड्यावरचा तो हात मला एक्स-रेपेक्षा पुष्कळदा जास्त सांगून जातो. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायला लागून मला अठरा वर्षे होत आली आणि डोंगरात हिंडायला लागून त्याहून अधिक. माझ्या पेशातले जे काही मला खरोखर कळले आहे, त्यातले बरेचसे डोंगर उतरताना कळले, आणि ते कसे कळले हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी उतरण्याचेच सांगते, कारण त्याशिवाय पुढचे नीट उलगडणार नाही. चढताना मांडीच्या पुढच्या भागातला मोठा स्नायू आखडत जातो आणि शरीराला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताण न सोडता हळूहळू लांबत जातो आणि अंगाचे सगळे वजन सावकाश खाली सोडतो. विहिरीतली भरलेली घागर ओढून घेण्याऐवजी दोर हातातून थोडा थोडा सोडत ती खाली न्यावी, तसे. १९५२ साली ऍबट, बिग्लंड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखे पेडल मारायचे आणि दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पेडलांना पायांनी विरोध करायचा. दोघांच्या पायांवरचे बळ सारखेच, पण विरोध करणाऱ्याला लागणारा प्राणवायू कितीतरी कमी होता आणि वेग वाढवला तसा हा फरकही वाढत गेला. उतारावर दम लागत नाही त्याचे कारण हेच आहे. मात्र या स्वस्ताईची दुसरी बाजू अशी, की लांबत लांबत काम करताना स्नायूचे थोडेच तंतू कामाला लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जास्त ओझे येते. त्यांना सूक्ष्म इजा होते, ती त्या क्षणी जाणवत नाही आणि पुढच्या एक ते तीन दिवसांत मांड्या अशा धरतात की खुर्चीत बसणेही नकोसे होते. श्वास तक्रार करत नाही म्हणून माणूस उतारावर वेग वाढवतो आणि किंमत मांडीला चुकवावी लागते. दिलासा एवढाच, की एकदा असे दुखून गेलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला पुष्कळ अधिक तयार असतो. शरीराची ही शिकून घेण्याची वृत्ती मला आजही थक्क करते, आणि माझ्या पेशाचा सगळा डोलारा तिच्याच भरवशावर उभा आहे.

या पेशाशी माझी गाठ पडली तीही एका उतारावर. शाळेच्या शेवटच्या वर्षात एका शिबिरात डोंगरावरून परतताना, अवघड टप्पा संपून वाट सोपी झाल्यावर, बोलता बोलता माझे पाऊल एका सुट्या दगडावर पडले आणि घोटा आतल्या बाजूला मुरगळला. बहुतेक अपघात असेच, सोप्या वाटेवर होतात. तीन आठवडे प्लास्टर होते. ते काढले तेव्हा पोटरी इतकी बारीक दिसत होती की ती माझीच आहे यावर माझा विश्वास बसेना. त्यानंतर मला ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले, त्यांनी गोनिओमीटर लावून घोटा किती अंशांत वळतो ते मोजले, आकडे लिहून घेतले आणि मग मला दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहायला सांगितले. ते जमले. "आता डोळे मीट," त्या म्हणाल्या. डोळे मिटले आणि चार म्हणेपर्यंत मी भिंतीवर आदळले. त्यांनी मला सावरले आणि म्हणाल्या, "घोटा बरा झालाय गं, पण त्याला अजून जमीन कळत नाही."

जमीन कळणे. सांध्यांत, स्नायूंत, हाडांना हाडांशी बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांत बारीक संवेदक असतात आणि ते सांध्याची स्थिती क्षणोक्षणी मज्जारज्जूला आणि मेंदूला कळवत असतात. अस्थिबंध ताणला गेला की तो फक्त सैल होत नाही, त्याच्याकडून येणारी वार्ताही उशिरा आणि अर्धवट पोहोचू लागते, आणि म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. हे सगळे मी पुढे पुस्तकांत वाचले, परंतु त्या दिवशी बाईंनी जे एका वाक्यात सांगितले त्याहून नेमके वर्णन मला अजून सापडलेले नाही. दीड महिना मी दात घासताना एका पायावर उभी राहत असे. दीड महिन्याने मला इतके नक्की ठाऊक झाले होते, की आपल्यालाही हेच काम करायचे आहे.

अभ्यासक्रम मी कल्पिला होता त्याहून कठीण निघाला. शवविच्छेदनाच्या वर्गात पहिल्यांदा टाचेची शिर, म्हणजे पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारा अकिलिस टेंडन, उघडी पाहिली तो दिवस मला तपशिलासह आठवतो. तिचे तंतू सरळ खाली उतरत नाहीत, ते टाचेकडे जाता जाता पीळ घेत जातात, आणि तो पांढुरका, चकचकीत पीळ बोटाने चाचपताना दर पावलाला या एवढ्याशा दोरावर काय भार येत असेल हे पहिल्यांदा समजले. पावलात २६ हाडे आणि तेहेतीसेक सांधे असतात हे पाठ करणे वेगळे आणि त्यांची कमान हातात धरून पाहणे वेगळे. त्या रविवारी डोंगरावर गेले तेव्हा मी वाटभर पावलांकडेच पाहत होते. खडकावर ती कमान कशी पसरते, मुरमाड मातीत बोटे कशी रुततात, उतारावर टाच आधी टेकते की चवडा. सोबतच्यांना माझ्या मागे राहण्याचा कंटाळा आला असेल, परंतु शरीररचनाशास्त्राची माझी खरी उजळणी तिथे झाली.

पेशाच्या इतिहासातही मला पहिल्यापासून रस वाटत आला. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकाने १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली आणि हालचाल हेच औषध म्हणून शिकवायला सुरुवात केली. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दन करणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापन केली, कारण मर्दनाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून त्यांना आपल्या कामाची अब्रू राखायची होती. पुढे पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक आणि पोलिओच्या साथींतली मुले यांनी या पेशाला मोठे केले. म्हणजे ज्यांना चालता येत नव्हते त्यांच्यामुळे तो वाढला, आणि त्याची उभारणी बव्हंशी स्त्रियांनी केली, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पहिली नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात आणि अतिदक्षता विभागात मिळाली. फिजिओ म्हणजे व्यायाम घेणारी व्यक्ती अशी समजूत असलेल्यांना हे सांगून पटत नाही, की माझी पहिली दोन वर्षे मुख्यतः लोकांना खोकायला लावण्यात आणि पलंगाच्या कडेला बसवण्यात गेली. छातीतला कफ सुटावा म्हणून कुशीवर वळवायचे, खोल श्वास घ्यायला शिकवायचे, टाक्यांवर उशी धरून खोकायला सांगायचे, आणि नळ्या सांभाळत, रक्तदाबावर नजर ठेवत, पाय खाली सोडून बसवायचे. पलंगावर पडून राहणे किती महाग पडते याचा हिशेब तिथे डोळ्यांदेखत मांडला जाई. निरोगी ज्येष्ठ माणसे केवळ दहा दिवस पलंगावर पडून राहिली तर त्यांच्या पायांतून सुमारे एक किलो वजनाचे स्नायू जातात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले होते. ती तर निरोगी माणसे होती. आमच्याकडचे लोक आजारी होते.

त्या विभागात एका ओळीतल्या खिडक्या झाडांकडे उघडत आणि दुसऱ्या ओळीतल्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे. रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा प्रसिद्ध अभ्यास मी त्याच सुमारास वाचला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली होती. अभ्यास लहान होता आणि त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मला तेव्हाही कळत होते. तरीही मी माझ्या रुग्णांना पहिल्यांदा उभे करताना, जमेल तेव्हा, झाडांच्या बाजूच्या खिडकीपर्यंत न्यायला लागले. "दारापर्यंत चला" म्हटले की लोक दारापर्यंत जात आणि परत फिरत. खिडकीपर्यंत गेलेली माणसे मात्र तिथे रेंगाळत, कठड्यावर हात टेकून दोन-चार मिनिटे आपणहून उभी राहत. त्या दोन-चार मिनिटांची किंमत पोटऱ्यांना आणि फुप्फुसांना ठाऊक असते.

दुसऱ्या नोकरीविषयी थोडक्यातच लिहिते. ते एक जोरात चालणारे उपचारकेंद्र होते. तिथे पडद्यांच्या आड पलंग होते, प्रत्येक पलंगाशेजारी एक यंत्र होते आणि माझे काम ते यंत्र लावून, घड्याळ लावून पुढच्या पलंगाकडे जाणे हे होते. यंत्रांवर माझा राग नाही, काही ठिकाणी त्यांचा उपयोगही होतो. परंतु ज्या माणसाच्या खुब्याचे स्नायू दुबळे झाल्यामुळे पाठ दुखते आहे त्याला महिनाभर पोटावर झोपवून शेक देणे आणि त्याला एकदाही उभे करून न पाहणे, हे मला सहन होत नव्हते. मी तसे बोलून दाखवले तेव्हा वेळ नाही असे उत्तर मिळाले. दीड वर्षाने मी ती नोकरी सोडली. त्या दीड वर्षात डोंगर नसते तर कदाचित पेशाच सोडला असता, हेही इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

त्यानंतर वर्षभरातच मी स्वतः रुग्ण झाले. घसाऱ्याचा उतार होता, बारीक खडी आणि सुटी माती. पाठीवर सॅक होती आणि ती नेहमीपेक्षा जड होती. उजवा पाय रुतला, अंग पुढे गेले, गुडघा आत वळला आणि आतून 'टक्' असा आवाज आला. तो आवाज रुग्णांच्या तोंडून मी कित्येकदा ऐकला होता. गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, ज्याला आम्ही एसीएल म्हणतो, तो तुटला होता. तासाभरात गुडघा सुजून गोल झाला. सोबत्यांनी मला खाली आणले त्याला सहा तास लागले, आणि त्या सहा तासांत दर पावलाला मला माझेच ज्ञान आठवत होते आणि त्याचा काडीइतका उपयोग होत नव्हता.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना मांडीचा स्नायू जागा करण्यात गेला. हे ज्यांनी अनुभवले नाही त्यांना समजावणे अवघड आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, एवढेच काम असते. मन आज्ञा देते, डोळे मांडीकडे लागलेले असतात, आणि मांडी हलत नाही. गुडघ्यात सूज असली की मज्जारज्जूच त्या स्नायूला आवर घालतो. हे मी शेकडो रुग्णांना सांगितले होते, तरीही स्वतःची मांडी निपचित पडलेली पाहून मला भीती वाटली. अकराव्या दिवशी गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला, कातडीखाली एक बारीक लहर उमटली. मी बोट ठेवून पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा लहर आली. मी आईला हाक मारली आणि तिचेही बोट तिथे ठेवले.

पाचव्या महिन्यात माझे पाय शिवशिवू लागले. चालणे सहज होत होते, सायकल चालवत होते, हलके धावणेही सुरू झाले होते आणि सोबत्यांची एक मोहीम ठरत होती. माझ्या जागी माझा रुग्ण असता तर मी त्याला क्षणाचाही विचार न करता नाही म्हटले असते. स्वतःला नाही म्हणायला मला तीन रात्री लागल्या. ही शस्त्रक्रिया झालेल्या १०६ खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. परतण्याचा मुहूर्त जितके महिने पुढे ढकलला, तितके नवव्या महिन्यापर्यंत दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले, असे त्यात आढळले. दोन्ही मांड्यांचे बळ जवळजवळ सारखे झाल्यावर परतणाऱ्यांनाही धोका कमी होता. आता घाई करणाऱ्या प्रत्येक तरुण रुग्णाला मी हे आकडे सांगते आणि त्यासोबत त्या तीन रात्रींविषयीही सांगते, कारण नुसत्या आकड्यांनी कोणाचे पाय थांबत नाहीत. मी स्वतः अकराव्या महिन्यात पहिला डोंगर चढले. चढताना डोळे वाटेवर नव्हते, पुढच्या उतरणीचाच विचार चालला होता. उतरताना मी दर पावलाला गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की नाही ते पाहत होते, आणि पायथ्याशी पोहोचल्यावर मला रडू आले.

आता मी स्वतःचे लहानसे केंद्र चालवते. तिथे पलंग दोनच आहेत, पण वेगवेगळ्या उंचीचे लाकडी ठोकळे सात आहेत. त्यांतला सर्वांत बुटका दहा सेंटीमीटरांचा. गुडघेदुखीच्या रुग्णाला मी त्यावर एका पायावर उभे करते आणि दुसऱ्या पायाची टाच हळूच खाली जमिनीला टेकवून परत वर यायला सांगते. पाहणाऱ्याला हा व्यायाम वाटतच नाही. परंतु गुडघ्यासमोर बसून पाहिले की सगळे दिसते. पहिल्या दोन वेळा गुडघा स्थिर असतो. तिसऱ्या वेळी तो आतल्या बाजूला झुकू लागतो, पाचव्या वेळी मांडीला कंप सुटतो, सातव्या वेळी माणूस शेवटची दोन बोटे उंची नियंत्रण न ठेवता धपकन सोडून देतो. ती सोडून दिलेली दोन बोटे हाच त्याचा आजार असतो. तेवढी उंची त्याच्या स्नायूच्या ताब्यात नाही, म्हणून दर पायरीला सांध्यावर घाव बसतो.

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत. गुडघ्यांची झीज झालेली होती आणि त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, "मॅडम, मला काही पर्वत सर करायचा नाही. दर पावसाळ्यात आम्ही मित्र एका टेकडीवर जातो, तेवढं जमलं पाहिजे." दहा सेंटीमीटरांच्या ठोकळ्यापासून वीस सेंटीमीटरांच्या ठोकळ्यापर्यंत यायला सरांना तीन महिने लागले. मग आम्ही बाहेर पडलो. आठवड्यातली एक सकाळ मी अशा रुग्णांसाठी राखून ठेवली आहे. आधी सपाट हिरवळ, मग ओबडधोबड माती, मग गवताचा सौम्य उतार, आणि शेवटी खडीचा. सपाट फरशीवर पाऊल रोज एकच गोष्ट शिकते. मातीवर प्रत्येक पाऊल वेगळे पडते आणि घोट्याला दर वेळी नव्याने जमीन समजून घ्यावी लागते. दोन काठ्या वापरायला सर प्रथम तयार नव्हते, त्यांना ते म्हातारपणाचे लक्षण वाटे. तीव्र उतारावर दोन काठ्या वापरल्या तर गुडघ्यावर येणारी बळे १२ ते २५ टक्क्यांनी कमी होतात असे १९९९ सालच्या एका अभ्यासात मोजले गेले आहे, हे मी त्यांना सांगितले. ते गणिताचे शिक्षक होते. दोन तासांच्या उतरणीत एकूण किती पावले पडतात याचा त्यांनी तिथेच हिशेब केला आणि काठ्या हातात घेतल्या. उतारावर काठ्या थोड्या लांब करून घ्याव्यात आणि पावलाच्या आधी पुढे टेकवाव्यात, एवढे एक मात्र आवर्जून शिकून घ्यावे लागते.

धावणारी माणसे टाचेच्या शिरेचे दुखणे घेऊन येतात, तेव्हाही मी त्यांना उतरायलाच शिकवते. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली या दुखण्याने त्रस्त असलेल्या १५ धावपटूंना पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे करून टाच हळूहळू खाली सोडायचा व्यायाम दिला. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. सगळे जण पुन्हा धावू लागले. हिशेब केला तर रोजच्या १८० वेळा होतात. एवढे सातत्य सर्वांनाच झेपत नाही आणि आता याहून कमी वेळात होणाऱ्या पद्धतीही आहेत, तरी या व्यायामातला मुख्य धडा मला फार मोलाचा वाटतो: दुखऱ्या शिरेला आराम देत बसण्यापेक्षा तिला मोजूनमापून काम दिले तर ती सुधारते. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते, फक्त ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेले नसावे, एवढी एक खूण मी रुग्णांना सांगून ठेवते.

शिबिरांना मी दर वर्षी स्वयंसेवक म्हणून जाते. मुलांचे घोटे मुरगळतात, आणि पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की हाड मोडले आहे की नाही. कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी काही सोपे नियम प्रसिद्ध केले, ते डोंगरात हिंडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावेत असे मला वाटते. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची टोके आणि त्यांची मागची कड खालच्या सहा सेंटीमीटरांपर्यंत दाबून पाहायची. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी हाताला लागणारे हाडाचे टोक आणि आतल्या बाजूच्या कमानीवरचे नावेच्या आकाराचे हाड, हेही दाबून पाहायचे. यांपैकी कुठे हाडावरच दुखले, किंवा चार पावलेही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायला हवा. यांतले काहीच नसेल तर मोड असण्याची शक्यता फारच थोडी. मागच्या शिबिरात एका मुलाचा घोटा मी असाच तपासला, तो लंगडत का होईना चार पावले चालला, मग घोट्याला पट्टी बांधून, त्याची सॅक दुसऱ्यांना वाटून आम्ही त्याला सावकाश खाली आणले. बर्फ लावून पूर्ण आराम करायचा हा जुना प्रघात आता बराच बदलला आहे. १९७८ साली तो लोकप्रिय करणारे डॉक्टर गेब मिर्किन यांनीच पुढे सांगितले, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे व्हायला उलट उशीर लागू शकतो. म्हणून खाली आल्यावर मी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की उद्यापासून पाय हवेत धरून अंगठ्याने बाराखडी काढायची.

या पेशात यायचे का, असे मला तरुण मुले-मुली विचारतात. मी त्यांना आधी हे सांगते, की हे अंगमेहनतीचे काम आहे. माणसाला पलंगावरून उठवताना पाठ लागते, सांध्यांवर हाताने काम करून अंगठे दुखतात, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या वेदनांशी बोलून संध्याकाळी स्वतःशी बोलायला शब्द उरत नाहीत. मी तगले ती आठवड्याच्या शेवटी मोकळ्यावर जाते म्हणून. आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारी माणसे आपली प्रकृती आणि मन बरे असल्याचे जास्त प्रमाणात सांगतात, असे इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीतून २०१९ साली दिसले. मुळात बरी असणारी माणसेच जास्त बाहेर पडत असतील, ही शक्यता त्यात उरते. परंतु माझ्यापुरते मी उत्तर शोधून ठेवले आहे. ज्या आठवड्यात मी बाहेर जात नाही त्या आठवड्यात माझे हात रुग्णाच्या अंगावर घाई करतात.

सध्या माझ्याकडे पक्षाघातातून उठलेल्या एक ताई येतात. डावे पाऊल चालताना लोंबते, त्याला पट्ट्याचा आधार दिला आहे. आजारापूर्वी त्या रोज सकाळी नदीकाठी जाऊन बसत, आणि काठापर्यंत मातीत खोदलेल्या बारा पायऱ्या आहेत, एकीची उंची दुसरीसारखी नाही. फरशीवर, हिरवळीवर, उतारावर आमचे काम होऊन गेले आणि गेल्या महिन्यापासून आम्ही त्या पायऱ्यांवरच जातो. मी त्यांच्या एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहते. त्या आधी डावे पाऊल खाली टाकतात, कारण उतरताना दुबळा पाय पुढे जातो आणि वजन सावकाश सोडण्याचे काम मागच्या बळकट पायाला करावे लागते. परवा चौथ्या पायरीवर त्यांनी मला हात मागे घ्यायला सांगितले. काल त्या सात पायऱ्या उतरल्या.